घरात एक विंडोज, एक लिनक्स: फायली इकडून तिकडे न्यायच्या कशा?

प्रश्न विचारणारे गृहस्थ कराडचे आहेत. घरी दहा वर्षांचा जुना डेस्कटॉप. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, विंडोज ११ त्या मशीनवर चढेना, म्हणून भाच्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा. दोन्ही एकाच राउटरच्या वायफायवर आहेत आणि दोन्हींवर इंटरनेट व्यवस्थित चालतं. तरीही लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं की डेस्कटॉपचा पत्ताच नसतो. उलट बाजूने, एका व्हिडिओत बघून लॅपटॉपचं फोल्डर शेअर केलं, तर डेस्कटॉप पासवर्ड मागतो आणि दिलेला घेत नाही. डेस्कटॉपवर साधारण दोनशे जीबी फोटो आणि बऱ्याच मराठी फायली आहेत. पेनड्राइव्हच्या फेऱ्या मारून ते कंटाळलेत. दुकानदाराने 'क्रॉस केबल' (दोन कॉम्प्युटर थेट जोडायची केबल) घ्या म्हणून सांगितलंय, व्हिडिओवाला 'एसएमबी १' (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा म्हणतोय. काय करावं आणि मराठी फायली बिघडतील का, असं त्यांनी विचारलंय.

दोन उत्तरं आधीच देऊन टाकतो. क्रॉस केबलची गरज नाही. एसएमबी १ चालू करू नका, कोणीही कितीही आग्रह केला तरी. कारणं पुढे येतीलच.

मी सांगलीत वीसेक वर्षं हेच काम करतो. दवाखाने, सीएंची ऑफिसं, आणि आता हल्ली घरंसुद्धा. या प्रश्नात माणसं बहुतेक वेळा चुकीच्या जागी अडकतात. 'दोन कॉम्प्युटर जोडायचे कसे' असं विचारतात, पण ते जोडलेलेच असतात. राउटरने ते काम केव्हाच केलंय. राहिलेल्या गोष्टी तीन: एक मशीन दुसऱ्यापर्यंत पोहोचतंय का, दोघांना एकच भाषा येते का, आणि दारात उभा राहिलेला माणूस कोण आहे हे दुसऱ्याला पटतंय का. विंडोज आणि लिनक्स वेगळे असल्यामुळे अडचण येते असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात भाषेचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. विंडोजच्या फाइल शेअरिंगची भाषा म्हणजे एसएमबी. ती लिनक्सला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सांबा. अँड्र्यू ट्रिजेल हा ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचा विद्यार्थी. १९९२ च्या सुमारास त्याने नेटवर्कच्या तारेवरून जाणारी डेटाची पाकिटं बघत बघत हे लिहायला घेतलं. आधी ठेवलेलं नाव दुसऱ्या कोणाच्या मालकीचं निघालं, तेव्हा त्याने डिक्शनरीच्या फायलीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून 'सांबा' उचलला. सांबार नव्हे. आमच्याकडच्या पोरांना पहिल्या दिवशी हे सांगावंच लागतं.

तेव्हा भाषा ठीक आहे. घोळ उरतो तो पोहोचण्यात आणि ओळख पटवण्यात.

शेअर कोणत्या मशीनवर करायचं?

हे परिस्थितीवर अवलंबून आहे, पण तुमच्या बाबतीत मला फार विचार करावा लागला नाही. जे मशीन घरात राहतं आणि ज्यात माल आहे, त्यानेच दार उघडावं. म्हणजे डेस्कटॉपने. लॅपटॉप आज घरी, उद्या मुलाच्या हॉस्टेलवर, परवा एसटी स्टँडजवळच्या कॅफेच्या वायफायवर. त्याच्यावर शेअर उघडं ठेवायचं आणि मग दर ठिकाणी ते बंद आहे ना याची काळजी करायची, हा उद्योग कशाला?

याचा दुसरा फायदा मोठा आहे. फायरवॉल सहसा आत येणाऱ्याला अडवते, बाहेर जाणाऱ्याला नाही. लॅपटॉप नुसता डेस्कटॉपकडे जाणार असेल, तर विंडोजच्या फायरवॉलला हात लावावाच लागत नाही. मिंटमध्ये फायरवॉल असते, पण मुळात बंद असते. भाच्याने चालू केली असेल तर तिथे सांबाला परवानगी द्यायची. लॅपटॉपवर बसून फायली आणता येतात तशाच ठेवताही येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शेअर करायची गरज नाही. व्हिडिओ बघून लॅपटॉपवर केलेलं शेअर काढून टाका.

तो लॅपटॉप पासवर्ड का घेत नव्हता, तेही सांगतो, कारण यात माणसं दिवसच्या दिवस घालवतात. तुम्ही लॅपटॉप चार आकडी पिनने उघडता ना? तो पिन त्या लॅपटॉपपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन असेल तर नाव म्हणून ईमेलचा पत्ता. नवीन लॅपटॉप घेताना केलेला पासवर्ड बहुतेकांना आठवतच नाही, कारण त्यानंतर सगळं पिनवर चाललेलं असतं. ज्यांनी पासवर्डच ठेवलेला नाही, त्यांना तर विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. कोरा पासवर्ड फक्त समोर बसलेल्या माणसाला चालतो. हा सगळा त्रास डेस्कटॉपने दार उघडलं की टळतो.

आधी पोहोचतंय का ते बघा

डेस्कटॉपवर खाली उजव्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावरून त्याचा आयपी पत्ता बघा. १९२.१६८.१.२० असं काहीतरी असेल. लॅपटॉपचाही बघा. पहिले तीन आकडे दोन्हींवर सारखे असले पाहिजेत. मग लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पिंग' आणि पुढे डेस्कटॉपचा पत्ता द्या. चार उत्तरं आली तर रस्ता मोकळा.

पिंग लॅपटॉपकडून डेस्कटॉपकडेच करा, उलट करू नका. विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही, नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं असेल तेव्हा तर नाहीच. लिनक्सवरून पिंग केलं, उत्तर आलं नाही, म्हणून केबल बदलली, राउटर बदलला, अशी माणसं मी पाहिली आहेत. बिचारा राउटर निर्दोष होता.

पिंग लागलं नाही तर माझा पहिला संशय 'गेस्ट' वायफायवर. पाहुण्यांसाठी वेगळं नाव दिलेलं असतं, त्यावरची मशीनं एकमेकांना बघू शकत नाहीत, फक्त इंटरनेटवर जातात. काही राउटरांत मुख्य वायफायलाही अशी अलग ठेवण्याची सोय असते आणि इंटरनेटवाल्याने ती चालू करून ठेवलेली असते. दुसरा संशय दुसऱ्या राउटरवर. मिरजेला एका दुमजली घरात मी अख्खी दुपार घालवली. खाली फायबरचा राउटर, वर रेंज मिळत नाही म्हणून स्वतः आणलेला जुना राउटर, वायर त्याच्या इंटरनेटच्या भोकात खोचलेली. इंटरनेट वर-खाली दोन्हीकडे उत्तम. गंमत अशी की वरच्या लॅपटॉपवरून खालचा कॉम्प्युटर उघडत होता आणि खालून वरचा काही केल्या नाही. मी आधी विंडोजला दोष देत बसलो. मग पत्ते कागदावर लिहिले तेव्हा दिसलं, खाली १९२.१६८.१ आणि वर १९२.१६८.०. घरात दोन वेगळ्या वाड्या झाल्या होत्या आणि वरच्या वाडीला एकाच बाजूने उघडणारा दरवाजा होता. वरच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकलं, म्हणजे पत्ते न वाटता नुसतं वायफाय पसरवायला लावलं, आणि दोन मिनिटांत काम झालं. तेव्हापासून कोणाच्याही घरी गेलो की आधी पत्ते कागदावर लिहितो.

'नेटवर्क'मध्ये दिसत नाही ते सोडून द्या

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे येतो. डेस्कटॉप 'नेटवर्क'मध्ये दिसत नाही. दिसणं आणि उघडणं या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. शेजाऱ्याच्या दारावर पाटी नाही म्हणून शेजारी घरात नाही असं होत नाही. पूर्वी ही पाटी एसएमबी १ आणि त्याच्या जोडीच्या जुन्या नेटबायोस पद्धतीने लागायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस एसएमबी १ मधल्याच भोकातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ देणं बंद केलं. सांबानेही २०१९ च्या ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलं. पाटी गेली, दार मात्र एसएमबी २ आणि ३ वर चांगलं चालतं आणि जास्त वेगाने चालतं. व्हिडिओवाला एसएमबी १ चालू करायला सांगतो ते या पाटीसाठी. एका चिन्हाच्या हौसेपायी घराची मागची भिंत पाडायची, असा तो सल्ला आहे.

पाटी हवीच असेल तर मिंटवर 'डब्ल्यूएसडीडी' नावाचं छोटं पॅकेज टाका, मग विंडोजला डेस्कटॉप दिसायला लागतो. पण मी घरांमध्ये तेही टाकत नाही. सरळ पत्ता देतो.

डेस्कटॉपवर करायचं काम

फोटोंचं फोल्डर कुठे आहे ते आधी बघा. जुन्या 'डी' ड्राइव्हवर तसंच राहिलं असेल तर एक अडचण येईल. मिंट ती ड्राइव्ह आपोआप जोडत नाही, कोणीतरी तिच्यावर क्लिक केल्यावर जोडतं. म्हणजे लाइट जाऊन मशीन पुन्हा चालू झालं की शेअर गायब. जागा असेल तर होम फोल्डरमध्ये एक नवं फोल्डर करा. साधं एक शब्दाचं, मध्ये जागा न सोडलेलं 'घर' असं नाव इंग्रजी अक्षरांत द्या आणि फोटो त्यात हलवा.

मग त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'शेअरिंग ऑप्शन्स'. पहिल्यांदा मिंट म्हणेल की सांबा टाकायला हवं, टाकू द्या. तुमचं नाव एका गटात घालायलाही परवानगी मागेल. तीही द्या, आणि त्यानंतर मशीन रीस्टार्ट करा. हे रीस्टार्ट न केल्यामुळे 'परवानगी नाही' असा संदेश येतो आणि माणूस पुढचा तासभर भलतीकडेच शोधत बसतो. पुन्हा त्याच जागी येऊन फोल्डर शेअर करा, इतरांना फायली बनवू आणि पुसू द्यायच्या चौकटीवर खूण करा, आणि 'गेस्ट'ची चौकट रिकामी ठेवा.

गेस्ट म्हणजे नाव-पासवर्डाशिवाय कोणालाही आत. सोपं वाटतं, म्हणून सगळे तिथेच खूण करतात. विंडोज ११ प्रो २४एच२ आवृत्तीपासून असा पाहुणा म्हणून जायला नकारच देतं. मग लोक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, जाऊन तो नकार उठवतात. त्यापेक्षा एक पासवर्ड ठेवणं सोपं नाही का?

हा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो. मिंटमध्ये लॉगिन करायचा पासवर्ड सांबाला माहीत नसतो, त्याची वही वेगळी असते. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात तक्रारी या एका गोष्टीच्या असतात. टर्मिनल उघडा आणि एक ओळ लिहा: आधी 'सुडो', मग जागा सोडून एसएमबी आणि त्याला चिकटून पीएएसएसडब्ल्यूडी ही अक्षरं, मग जागा सोडून आडवी रेघ आणि लगेच 'ए', मग जागा सोडून तुमचं मिंटचं युजरनेम. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत. आधी मिंटचा पासवर्ड विचारेल, मग नवा पासवर्ड दोनदा. नवा पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्याही नाहीत. कळफलक बंद पडला असं समजू नका.

लॅपटॉपवर करायचं काम

फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, त्याला लागून डेस्कटॉपचा पत्ता, मग एक उलटी तिरकी रेघ आणि फोल्डरचं नाव. म्हणजे \\१९२.१६८.१.२०\घर अशा धाटणीचं, पण आकडे आणि अक्षरं इंग्रजीत. नाव-पासवर्ड विचारेल तिथे मिंटचं युजरनेम आणि आत्ता दिलेला सांबाचा पासवर्ड. लक्षात ठेवण्याच्या चौकटीवर खूण. उघडलं की त्या फोल्डरला 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून झेड हे अक्षर द्या. घरच्यांना एवढंच सांगायचं, फोटो झेडमध्ये आहेत. त्यांना सांबा, एसएमबी काही कळायची गरज नाही.

एक खोडी इथे विंडोज करतं. पहिल्यांदा चुकीच्या नावाने प्रयत्न केला तर ते नाव धरून बसतं आणि नंतर बरोबर नाव दिलं तरी म्हणतं, या सर्व्हरशी तुमचं आधीच दुसऱ्या नावाने कनेक्शन आहे. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन डेस्कटॉपच्या पत्त्याची नोंद काढा आणि लॅपटॉप एकदा साइन आउट करून परत या.

आणि आयपी पत्ता बदलू नये याची सोय करा, नाहीतर पंधरा दिवसांनी झेड लाल फुलीसह उभं राहील. राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाची जागा असते. डेस्कटॉपला तिथे एक पत्ता कायमचा राखून द्या. राउटरचा पासवर्ड इंटरनेटवाल्याकडेच असेल आणि तो देत नसेल, तर पत्त्याऐवजी डेस्कटॉपचं नाव, त्याला लागून पुढे टिंब आणि मग 'लोकल' असं इंग्रजीत वापरून बघा. मिंट आणि विंडोज ११ दोघांनाही हे कळतं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ घरांत चालतं.

डेस्कटॉप झोपी जात असेल तर झेडही झोपेल. मिंटच्या पॉवर सेटिंगमध्ये पडदा बंद होऊ द्या, मशीन सस्पेंड होऊ देऊ नका.

आता केबल

क्रॉस केबल ही जुन्या काळची गरज. तेव्हा दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर आतल्या तारा उलटसुलट लावाव्या लागत. गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिटचे) पोर्ट हे स्वतःच ओळखतात, साधी केबल चालते. तुमच्या दुकानदाराकडे जुना साठा पडून असावा.

पण केबलचा मुद्दा निकालात निघत नाही, कारण दोनशे जीबी. दोन्ही मशीनं वायफायवर असली की प्रत्येक फोटो हवेतून दोनदा जातो, आधी राउटरकडे आणि मग तिथून दुसऱ्याकडे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर प्रत्यक्षात सेकंदाला चार एमबी मिळाले तरी खूप. त्या हिशोबाने दोनशे जीबीला चौदा तास. डेस्कटॉप राउटरला वायरने जोडला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवला, तर सेकंदाला पंचवीस-तीस एमबी सहज मिळतात, काम दोन-अडीच तासांवर येतं. दोन्ही गिगाबिट वायरवर असतील तर तारेची क्षमता सेकंदाला ११० एमबीच्या आसपास असते. तुमची जुनी हार्डडिस्क तेवढ्या वेगाने देणार नाही, तरी तासाभरात काम होईल. शंभर मेगाबिटच्या पोर्टवर मात्र सेकंदाला अकरा एमबीच, म्हणजे पाच तास. आपल्याकडच्या बऱ्याच राउटरांना एकच गिगाबिट पोर्ट असतो आणि बाकीचे शंभराचे. मागच्या बाजूला पोर्टवर लिहिलेलं बघा.

केबल तयार घ्या, कंपनीतून टोकं लावून आलेली, कॅट ६ प्रकारची. स्थानिक पोराकडून टोकं लावून घेऊ नका. एका दवाखान्यात नवा नेटवर्क स्विच, नवी मशीनं, आणि वेग शंभरच्या पुढे जाईना. टोक दिव्याखाली धरलं तर आठ तारांपैकी चारच लावलेल्या. शंभर मेगाबिटला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. लावणाऱ्याचं म्हणणं होतं, 'साहेब, नेट चालतंय की.' चालत होतंच.

राउटर मध्ये न घेता केबल थेट दोन मशीनांत लावायची असेल, म्हणजे एकदाच सगळे फोटो न्यायचे असतील, तर पत्ते हाताने द्यावे लागतात, कारण पत्ते वाटणारा राउटर तिथे नाही. एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, दोन्हींना मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची जागा रिकामी. गेटवे रिकामा ठेवला की इंटरनेट वायफायवरून चालू राहतं. पन्नास आकडा मुद्दाम घेतला, राउटरच्या वाडीशी गोंधळ नको म्हणून. लॅपटॉपला केबलचं भोक नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर घ्यावा लागेल. तो यूएसबी ३ चाच घ्या.

हजारो बारीक फोटो एकेक करून पाठवणं एका मोठ्या फायलीपेक्षा कितीतरी हळू होतं, कारण प्रत्येक फायलीमागे दोन्ही मशीनांची विचारपूस चालते. कॉपीची पट्टी सुरुवातीला पळते आणि फोटोंवर आली की रांगते, ते यामुळे. घाबरून रद्द करू नका.

मराठी फायली

फायलींची नावं मराठीत असली तरी बिघडत नाहीत. दोन्हीकडे युनिकोड आहे, सांबा ती जशीच्या तशी पोहोचवतो. बिघडतात ती दुसरी नावं. लिनक्समध्ये नावात विसर्गासारखी दोन टिंबं चालतात, विंडोजमध्ये ती चालत नाहीत, प्रश्नचिन्ह आणि चांदणीही (*) नाही. डेस्कटॉपवर 'पूजा १०:३०' असं नाव दिलं तर लॅपटॉपवर तिथे तिरपागडी अक्षरं आणि एक लाटेची खूण दिसेल. फाइल आत शाबूत असते, नाव बदललं की झालं.

फायलींच्या आतला मजकूर हा वेगळा विषय. जुनी पत्रं, पत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉण्टांत टाइप केली असतील, तर तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हे नेटवर्कने केलेलं नाही, पेनड्राइव्हने नेलं असतं तरी हेच झालं असतं. ज्या मशीनवर तो फॉण्ट आहे तिथे पीडीएफ करून ठेवा किंवा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. अशी फाइल मिंटमध्ये उघडून 'दुरुस्त' करायच्या भरात सेव्ह मात्र करू नका.

एक धोका, तो आधीच सांगायला हवा होता

झेडमधून फाइल पुसली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही. कायमची जाते. लॅपटॉपवरच्या बिनला नेटवर्कवरच्या फायलींचा पत्ता नसतो आणि डेस्कटॉपला वाटतं मालकानेच पुसायला सांगितलं. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलीच्या बारशाचे फोटो असेच गेले. नातवाने 'जागा करून दिली' होती. त्या डिस्कवरून आम्ही निम्मेच परत काढू शकलो. सांबामध्ये स्वतःचं बिन लावायची सोय आहे, भाच्याला सेटिंगच्या फायलीत 'रिसायकल' हे मॉड्यूल जोडायला सांगा. आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून ती कपाटात ठेवा. झेड ही दुसरी प्रत नाही, तीच प्रत दुसऱ्या खिडकीतून दिसते एवढंच.

तुमचं काम महिन्यातून एखाद-दुसरी फाइल पाठवण्याचं असतं, तर मी यातलं काहीच करायला सांगितलं नसतं. लोकलसेंड नावाचं फुकट ॲप दोन्ही मशीनांवर आणि मोबाइलवरही चालतं. एकाच वायफायवर असलं की नाव दिसतं, फाइल टाकायची, समोरच्याने स्वीकारायची. इंटरनेट लागत नाही. शेअर लावेपर्यंत आजची निकड त्यावर भागवा. पण दोनशे जीबी आणि रोजची ये-जा असेल तर शेअरच बरं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या आठवड्यात विचाराल, म्हणून प्रिंटरचं सांगतो. जुना लेझर प्रिंटर लिनक्सचा ड्रायव्हर नसलेला असेल, तर तो विंडोजवरून शेअर करूनही सहसा उपयोग होत नाही, कारण छापायचं पान तयार करायला मिंटलाही तोच ड्रायव्हर लागतो. माझ्या गिऱ्हाइकांकडे मी झेडमध्येच 'छापायचे' नावाचं एक फोल्डर करून देतो. डेस्कटॉपवरून पीडीएफ त्यात टाकायची, लॅपटॉपवरून छापायची. दिसायला गावठी आहे, पण चार वर्षांत एकाचाही त्याबद्दल फोन आला नाही.

करून बघा. अडलं तर नुसतं 'होत नाही' लिहू नका. पिंगचं उत्तर आलं का, आणि विंडोजने नेमका कोणता संदेश दिला, ते लिहा. शेवटी ००३५ असलेला लांबलचक आकडा आला तर रस्त्यात किंवा पत्त्यात चूक आहे, वरचा पिंगचा भाग पुन्हा बघा. पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर रस्ता बरोबर आहे, तुम्ही दारापर्यंत पोहोचलात. टर्मिनलमधली ती एक ओळ पुन्हा द्या आणि युजरनेमची स्पेलिंग भाच्याला विचारून घ्या.